शोका कालखंड: दोन वर्षांची नोंद आणि एक ज्वालामुखी

जपानमध्ये राजा तोच असतानाही कालगणनेचे नाव बदलत असे. आग, भूकंप, साथ, दुष्काळ असे काही अशुभ घडले की जुने नाव टाकून नव्या नावाने वर्षे मोजायला सुरुवात व्हायची. त्यामुळे तिथल्या मध्ययुगात अगदी तोकडे कालखंड सापडतात. ‘शोका’ हा त्यांपैकीच एक, १२५७ च्या वसंतापासून १२५९ च्या वसंतापर्यंतचा. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला कृष्णदेव यादवाचे राज्य होते. जपानमध्ये सम्राट क्योतोला होता, पण सत्ता कामाकुराच्या लष्करी सरकारकडे, म्हणजे प्रत्यक्षात होजो घराण्याकडे होती.

या सरकारचा ‘आझुमा कागामी’ नावाचा इतिवृत्तांत उपलब्ध आहे. घटना तिथीवार लिहिलेल्या असल्याने हवामानाच्या अभ्यासकांना तो फार मोलाचा वाटतो. १२५७ च्या ऑक्टोबरात कामाकुराला मोठा भूकंप झाला. एकही देऊळ धड राहिले नाही, डोंगर ढासळले, जमीन फाटून पाणी उसळले. पुढच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात जुलैच्या अखेरीस, थंडी हिवाळ्यासारखी असल्याची नोंद येते. त्यानंतर महिन्याभराने प्रचंड वादळ झाले आणि प्रांतोप्रांतीची शेते उद्ध्वस्त झाली.

जुलैतली ती थंडी मला वादळाइतकीच घातक वाटते. भात पोटरीवर येते तेव्हा फुलोऱ्यात परागकण तयार होत असतात. नेमके त्याच दिवसांत तापमान घसरले तर पराग वांझ राहतात. पीक वरून हिरवेगार दिसते, ओंब्याही येतात, पण दाणे पोचट निघतात. शेतकऱ्याला नुकसान कळते तेव्हा पुन्हा पेरायची वेळ टळून गेलेली असते.

ही थंडी आली कुठून? ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्ही ठिकाणच्या बर्फात १२५८ च्या आसपासच्या थरात गंधकाच्या आम्लाचे प्रमाण खूप जास्त आढळते. दोन्ही ध्रुवांवर खूण उमटली, म्हणजे स्फोट विषुववृत्ताजवळ झाला असणार, इतके शास्त्रज्ञांना कळत होते. ज्वालामुखी मात्र कित्येक दशके सापडत नव्हता. अखेर २०१३ मध्ये फ्रांक लाविन्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या सामालासकडे बोट दाखवले. राखेचे थर, जळालेल्या लाकडाचे कार्बन कालमापन आणि ताडपत्रांवरच्या स्थानिक बखरी, या सगळ्यांतून १२५७ हेच साल पुढे आले. सुमारे ४० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला आणि पामातान नावाचे शहर गाडले गेले. डोंगर जिथे खचला तिथे आज सेगारा आनाक हे तळे आहे.

अशा स्फोटातला गंधकाचा वायू स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, पोचला की त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात. तिथे पाऊस नसल्याने ते धुऊन जात नाहीत. वर्ष-दोन वर्षे ते सूर्यप्रकाश परतवत राहतात आणि खालची जमीन गारठते.

म्हणून शोका काळातला दुष्काळ सामालासच्या माथी मारण्याचा मोह होतो. कामाकुराच्या भूकंपाचा तर या स्फोटाशी काहीच संबंध नाही. जपान भूपट्टांच्या सीमेवरच वसलेला आहे. दुष्काळाचेही उत्तर इतके सरळ नाही. झाडांची वर्षवलये आणि जुनी कागदपत्रे एकत्र तपासून २०१७ मध्ये एका अभ्यासगटाने दाखवले, की १२५८ चा उन्हाळा जपान, पश्चिम युरोप आणि सैबेरियात थंड होता, पण उत्तर गोलार्धात सगळीकडे तसा नव्हता. जपान आणि इंग्लंडमधली अन्नटंचाई स्फोटाच्या आधीच सुरू झाली होती. सामालासने ती आणखी चिघळवली.

१२५९ च्या सुरुवातीला सरकारने काढलेला एक हुकूम मला या साऱ्या काळातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. भुकेलेले लोक रानात कंद खणायला आणि नदी-समुद्रावर मासे, शेवाळ गोळा करायला जात होते आणि स्थानिक जमीन-अधिकारी त्यांना अडवत होते. त्यांना अडवू नये, असे हुकूम बजावतो. मात्र या सवलतीच्या नावाखाली कोणी अतिरेक करू नये, अशी पुस्तीही जोडतो. रानात कंद होते, पण तिथवर जाण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. थंडीने पीक नेले हे खरे, पण कोण जगणार हे ठरवण्यात या अधिकाऱ्यांचाही हात होता.

त्यानंतर लवकरच दुष्काळ आणि साथीच्या कारणाने ‘शोका’ हे नाव टाकून ‘शोगेन’ हे नाव घेतले गेले. तेही जेमतेम वर्षभर टिकले. १२६० मध्ये निचिरेन या बौद्ध भिक्षूने होजो तोकियोरीला एक प्रबंध सादर केला. खऱ्या धर्माकडे पाठ फिरवल्यानेच ही संकटे कोसळली, असे त्याचे म्हणणे होते.