थाळनेरच्या वाटेने गेलेला इंग्रज वकील

धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरचा किल्ला पाहायला गेलं की १८१८च्या लढाईची गोष्ट ऐकायला मिळते. तिची सुरुवात मात्र २०० वर्षं आधीची आहे. १६१५च्या नोव्हेंबरात याच गावावरून इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, गेला होता, सर थॉमस रो.

रो तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेरचा. गयानाची सफर केलेला, पार्लमेंटात बसलेला. नेमणूक राजा पहिल्या जेम्सची, पण पगार ईस्ट इंडिया कंपनीचा, वर्षाला ६०० पौंड. मान राजाचा राखायचा आणि काम व्यापाऱ्यांचं करायचं, हा पेच त्याला इथे सगळा वेळ पुरला. मुघल बादशहा जहांगीर अजमेरला होता. सुरतेहून तिकडे जायची वाट खान्देशातून: नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि मग बुऱ्हाणपूर. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण ते परकं धरतो. तेव्हा खान्देश सुभ्याचा कारभार तिथूनच चाले. अकबराने असीरगड घेऊन फारुकींचं राज्य संपवलं, त्याला जेमतेम १५ वर्षं झाली होती.

वाटेतली गावं त्याला मातीच्या घरांची, उतरायला जागा नसलेली दिसली. त्याच प्रवासात धान्य लादलेल्या १०,००० बैलांचा एकच तांडाही त्याने पाहिला. या मुलखाविषयी लिहिताना गावांची दैना तेवढी उचलतात, बैल विसरतात. मला दोन्ही नोंदी सारख्याच मोलाच्या वाटतात.

बुऱ्हाणपुरात जहांगीरचा मुलगा, शहजादा परवेझ याचा दरबार होता. खरी सत्ता खानखानान अब्दुर्रहीमच्या हाती. कोतवालाने रोला सांगितलं, जमिनीला डोकं टेकवून मुजरा करा. रोने साफ नकार दिला. आपण राजाचे वकील, चाकर नव्हे, हे त्याचं म्हणणं. त्याने आपल्या रीतीने अभिवादन केलं आणि बसायला खुर्ची मागितली. ती मिळाली नाही. मात्र छताला आधार देणाऱ्या, चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभं राहायची परवानगी मिळाली. खुर्ची आणि खांब यांच्यातलं हे अंतर म्हणजे त्या काळचं परराष्ट्र धोरणच. बुऱ्हाणपुरात वखार घालायला मंजुरीही मिळाली. खासगी भेट मात्र झाली नाही. नजराण्यातली दारू शहजाद्याला चढली होती. रो तिथेच तापाने अंथरुणाला खिळला.

जानेवारी १६१६ मध्ये तो जहांगीरपुढे उभा राहिला. १६१९ मध्ये परतला तेव्हा हाती फर्मानं होती, दोन राजांमधला तह नव्हता. पुढे १६२१ ते १६२८ इस्तंबूलला वकिली, १६२९ला स्वीडन आणि पोलंड यांच्यातल्या युद्धविरामासाठी मध्यस्थी, १६४०ला प्रिव्ही कौन्सिल म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळात जागा. १६४४ साली तो वारला.

हिंदुस्थानातून कंपनीला लिहिताना त्याने बजावलं होतं: नफा हवा तर समुद्रावर आणि शांत व्यापारात शोधा, किल्ले आणि जमिनीवरच्या लढाया यांच्या नादी लागू नका. सैन्य पोसता पोसता पोर्तुगीज खंक झाल्याचा दाखलाही त्याने दिला.

कंपनीने पुढे नेमकं त्याने नको म्हटलेलंच केलं. होळकरांशी जानेवारी १८१८ मध्ये झालेल्या मंदसौरच्या तहाने थाळनेर इंग्रजांकडे जायचा होता. किल्ला सुटेना, तेव्हा २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला. सुमारे ३०० जणांची शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फासावर चढवलं.