पुढच्या चाकामागचे एक्सल बूट : आवाज यायच्या आधीच बघून घ्या

आमच्या गॅरेजवर येणाऱ्या सातारकर गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांना एक्सल बूट म्हणजे काय ते बिल हातात पडल्यावरच कळतं, म्हणून हे लिहून ठेवतोय. पाच मिनिटं काढून वाचा.

तुमची गाडी अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय१० असली कुठलीही असेल तर इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. ती नेणारे दोन दांडे असतात, डावा-उजवा, त्यांना आपण एक्सल म्हणतो. आता पुढचं चाक वळतंही आणि खड्ड्यात वरखालीही होतं, त्यामुळं दांडा सरळसोट असून भागत नाही, त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट लागतो. त्या जॉइंटवर पेटीच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं काळं रबर चढवलेलं असतं, तोच बूट. एका बाजूला दोन, व्हील साइडचा आणि गिअर साइडचा, म्हणजे गाडीला एकूण चार. पद्मिनी-ॲम्बॅसडरच्या काळात ही भानगड नव्हती, मागची चाकं ओढायची. १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हापासून घरोघरी ही पुढून ओढणारी गाडी झाली. ईको किंवा साधी बोलेरो असेल तर आजही तुम्हाला हा विषय नाही, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी असेल तर मात्र आहे.

बुटाचं काम दोनच, आतलं ग्रीस आत ठेवायचं आणि बाहेरची माती-पाणी बाहेर. फाटला की दांडा फिरताना ग्रीस भिरकावलं जातं आणि रिमच्या आतल्या बाजूला, चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मवर, ब्रेकजवळ काळे चिकट शिंतोडे दिसायला लागतात. गाडी चालताना काहीच जाणवत नाही, म्हणून माणूस निवांत असतो, आणि तिकडं आत पाणी-वाळू शिरून ग्रीसची खरवडणारी पेस्ट होते, ती जॉइंटमधल्या पोलादी गोळ्यांना आणि त्या ज्यात फिरतात त्या गाळ्यांना खाते. मग स्टेअरिंग पूर्ण कापून वळवलं की कट् कट् कट् असा आवाज. तो आवाज आला म्हणजे नुसता बूट बदलून उपयोग नाही हो, जॉइंट झिजलेला असतो, तो नवीन ग्रीस भरून परत भरून येत नाही. "बूटच टाका फक्त" म्हणणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो, आवाज राहणार. बुटाच्या किमतीत आणि जॉइंटच्या किमतीत फार फरक आहे, आणि आख्खा एक्सल बदलायचा तर विचारूच नका.

आपल्याकडं बूट लवकर जायला कारणंही आहेत. यवतेश्वरचा घाट चढून कासला जा नाहीतर ठोसेघरला, वळणावर स्टेअरिंग कापलं की व्हील साइडच्या बुटाच्या घड्या एका बाजूनं ताणतात आणि दुसऱ्या बाजूनं एकमेकींवर घासतात, त्यात पावसाळ्यातला लाल चिखल. माण-खटावकडच्या गाड्यांना चिखल नाही पण ऊन आणि बारीक फुफाटा आहे, रबर कडक होऊन तडकतं. गाडी नुसती दारात उभी असेल तरी रबर वयानं तडकतं, शिवाय उंदीर. आणि एक गोष्ट आम्हाला अजिबात पटत नाही, वॉशिंग केल्यावर खालून चकाकी यायला डिझेल मारायची पद्धत. डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं, कृपया मारू देऊ नका.

घरी बघायचं तर सोपं आहे. सपाट जागेवर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, इंजिन बंद करा आणि मोबाईलची बॅटरी लावून चाकाच्या मागं बघा. घड्यांच्या खाचेत बारीक चिरा आहेत का, बूट आवळून धरणारी क्लिप सैल आहे का, ओलसर काळं काही दिसतंय का. मग दुसऱ्या बाजूला फिरवून तसंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरू नका, कधीच नाही. गिअर साइडचा बूट वरून नीट दिसत नाही, तो आमच्याकडं रॅम्पवर बघू. तिथला जॉइंट गेला की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, लोक चाकाचं बॅलन्सिंग करत बसतात. इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या माउंटिंगनंही असं होतं, त्यामुळं बघितल्याशिवाय आम्ही काही सांगत नाही.

चिरा आहेत पण फाटला नाही, ही बदलायची खरी वेळ. आम्ही एक्सल बाहेर काढतो, जॉइंट उघडून जुनं ग्रीस पुसतो, बोटावर चोळून कचकच लागतेय का बघतो, गोळ्यांवर खड्डे नसतील तरच नवीन बूट. किटमधलं मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस पूर्ण भरतो, बेअरिंगचं साधं ग्रीस नाही, आणि स्टीलचीच क्लिप मारतो. एक्सलचा नट नवीन, टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळलेला. एक्सल काढताना गिअर ऑइल सांडतं, ते परत भरायला लागतं, बिलात ती ओळ दिसली तर दचकू नका. टेप गुंडाळून, ट्यूब चिकटवून किंवा चिरून चिकटवायचा बूट आम्ही बसवत नाही, पुढच्या पावसात तुम्हीच परत येता.

एका बाजूला अर्धा दिवस धरा. सकाळी गाडी आणा, आणि येताना धुवून आणू नका, शिंतोडे पुसले गेले की ग्रीस कुठल्या बुटातून उडतंय ते शोधायला आमचा वेळ जातो.