काळ्या बंपरवरचे वॅक्सचे डाग आणि खोबरेल तेल

गाडीला वॅक्स मारताना काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडले की खोबरेल तेल चोळ, लगेच जातात, हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण. पण जात नाहीत हो! त्या खडबडीत प्लास्टिकच्या बारीक खाचांमध्ये वॅक्स आणि पॉलिशची पावडर सुकून बसलेली असते, तेलाने ती फक्त दिसेनाशी होते, गाडी एक-दोनदा धुतली की डाग परत हजर आणि तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल (एक प्रकारचं स्पिरिट) आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, आधी कोपऱ्यात ट्राय करा, मग मऊ टूथब्रशने हलकं घासून लगेच मायक्रोफायबरच्या मऊ कापडाने पुसा, नाहीतर सुटलेलं वॅक्स तिथेच परत सुकतं. थिनर मात्र प्लीज नको, प्लास्टिकच खराब होतं. पुढच्या वेळी वॅक्सच्या आधी प्लास्टिकवर कडेने मास्किंग टेप लावा.