दोन अंतोनी: एकाच्या पायाशी डुक्कर, दुसऱ्याच्या कडेवर बाळ येशू

छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी, हातात घंटा, 'टी' आकाराची काठी, पायाशी डुक्कर. हा संत अंतोनी. तपकिरी झग्यातला दाढी नसलेला तरुण, कडेवर बाळ येशू, हातात लिलीचं फूल. हाही संत अंतोनीच. एकाच्या आख्यायिका दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपतात. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोघांची माणसं म्हणून जातकुळीच वेगळी.

थोरला इजिप्तचा, तिसऱ्या-चौथ्या शतकातला. वडिलोपार्जित जमीन विकून तो वाळवंटात गेला आणि परंपरेनुसार 105 वर्षं जगला. सैतानाने जनावरांची रूपं घेऊन त्याला छळलं, ही कथा त्याची. पौल नावाच्या वृद्ध तपस्व्याला डोमकावळा रोज अर्धी भाकर आणून द्यायचा. अंतोनी भेटायला गेला त्या दिवशी कावळ्याने अख्खी आणली, ही कथाही त्याचीच.

पण डुक्कर वाळवंटातलं नाही. ते आलं मध्ययुगीन फ्रान्समधून. राय या धान्यावर अरगट बुरशी पडायची आणि त्याचा पाव खाणाऱ्यांचे हातपाय आग होऊन काळे पडत, झडत. (आपल्याकडे बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट याच बुरशीचा भाऊबंद.) या रोगाला लोक 'संत अंतोनीची आग' म्हणत. अकराव्या शतकाच्या अखेरीस थोरल्याच्या नावाने एक सेवासंघ उभा राहिला. तिथले बंधू या रोग्यांची शुश्रूषा करत, चरबीचा लेप लावत. त्यांची डुकरं गळ्यात घंटा बांधून गावभर मोकळी फिरत, आणि ती घंटा ऐकली की लोक आपणहून त्यांना खायला घालत. चित्रातलं डुक्कर आणि घंटा यांचा उगम या दवाखान्यांत आहे.

धाकटा लिस्बनचा, जन्म 1195 च्या सुमाराचा, नाव फर्नांदो. 1220 मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कनांचे (संत फ्रान्सिसच्या संघातल्या साधूंचे) अवशेष पोर्तुगालमधल्या कुइंब्राला आले. त्याने हलून जाऊन फर्नांदो जवळच्याच ओलिवायशच्या मठात त्यांच्या संघात दाखल झाला. तो मठ थोरल्या अंतोनीच्या नावाचा होता, आणि फर्नांदोने तेच नाव घेतलं. घोटाळ्याचं मूळ हे, आणि ते श्रद्धेतलं आहे.

थोरल्याने एकांत धरला, धाकटा माणसांत बोलत राहिला. इटलीतल्या रिमिनीचे लोक ऐकेनात तेव्हा तो पाण्याकडे वळला आणि मासे जमले: लहान काठाशी, मधले त्यांच्यामागे, मोठे खोल पाण्यात, सगळ्यांची डोकी वर. एका नवशिक्याने त्याची स्तोत्रांची पोथी पळवली आणि प्रार्थनेनंतर परत आणून दिली. हरवलेल्या वस्तूसाठी याला साकडं घालतात ते त्यामुळे. तो 13 जून 1231 ला पादुवाजवळ वारला आणि वर्षाच्या आत संत घोषित झाला. 1263 मध्ये कबर उघडली तर जीभ शाबूत होती, असं सांगतात. ती पादुवाला आजही जपलेली आहे.

गोव्यातला सांत आंतोन तो हा धाकटा. राशोलच्या छापखान्यात 1655 मध्ये याचंच चरित्र इथल्या लोकभाषेत छापलं गेलं. शिवोलीच्या चर्चमध्ये मात्र त्याच्या हातातल्या दोरीला साप बांधलेला आहे. बांधकामावरच्या मजुरांना त्रास देणारा तो साप मूर्ती ठेवल्यावर दुसऱ्या सकाळी असाच बांधलेला सापडला, असं शिवोलीकर सांगतात.