बांधावरून चिखल वाचताना

नवी मुंबईत वाशी, कोपरखैरणे किंवा बेलापूरला खाडीच्या बाजूने चालत गेले की इमारती संपतात आणि मातीचा बांध लागतो. बांधाच्या आत बहुधा पावसाचे पाणी साठवणारा धारण तलाव असतो, म्हणजे आपला होल्डिंग पाँड, आणि त्यातला बराच भाग तिवर या खारफुटीच्या झाडांनी भरलेला. फ्लेमिंगोंसाठी गर्दी होतेच. हा तुकडा बघायला मात्र मोठी लेन्स लागत नाही, पंचांग लागते.

कोळ्यांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, सकाळी साडेआठच्या आसपास, ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि ठाणे-कळव्याकडे जितके आत जावे तितके पाणी उशिरा पोहोचते. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सर्वांत चांगले. उधाण ताजे असल्याने पाणी खूप मागे हटते, आणि तेही उन्हे चढण्याआधी. अष्टमीला जाऊ नये. तेव्हा भांगाची, म्हणजे लहान, भरती असते, ओहोटी भर दुपारी येते आणि चिखल नीट उघडाही पडत नाही.

आधी पाने बघावीत. तिवराच्या खालच्या पानांवर राखाडी चिखलाचा थर असतो आणि तो एका उंचीवर पट्टीने आखल्यासारखा थांबतो. ही मागच्या मोठ्या भरतीची रेघ. पावसाळ्यात ती धुऊन जाते, म्हणून हे काम नोव्हेंबर ते मे या काळातले. रेघेच्या वरचे एखादे पान बोटाने पुसून बोट चाखले तर खारट लागते. मुळांतून आलेले जास्तीचे मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो.

खाडीकाठी काही इंचांच्या चढउताराने वस्ती बदलते, कारण महिन्यातून किती वेळा पाणी डोक्यावरून जाते ते त्यावर ठरते. सर्वांत खाली उघडा चिखल, त्यावर उड्या मारणारे निवट्या मासे आणि एकच नांगी भलतीच मोठी असलेले छोटे खेकडे. मग तिवर; ठाणे खाडीत त्याचेच राज्य. नाल्याचे गोडे पाणी मिसळते तिथे लोंबत्या फांद्यांची उंच चिप्पी. उंचवट्याला काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची मारांडी. हुरा दिसला तर त्याची फांदी मोडू नये. त्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासे होते. आणि तिवरांच्या मधोमध सुबाभूळ किंवा एरंड उगवला असेल तर खुशाल समजावे, तिथे डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, पडले आहे. या झाडांना रोजचे खारे पाणी सोसत नाही. जमीन वर उचलली गेल्याशिवाय ती तिथे येत नाहीत.

तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी टोके वर आलेली असतात, 10 ते 20 सेंटिमीटर उंच. ही श्वसनमुळे. खालच्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो त्याचाच, सांडपाण्याचा दरवेळी नसतो. खेकड्याच्या बिळाची कड नीट पाहिली तर गंजासारखी तांबूस दिसते: बिळातून हवा आत जाते आणि चिखलातले लोह गंजते. श्वसनमुळांची टोके ओहोटीला हवा घेतात. ती सतत पाण्याखाली राहिली किंवा प्लॅस्टिकच्या थराखाली गेली की झाड गुदमरते आणि शेंड्याकडून वाळत येते. बांधावरून खाली उतरायचे नाही ते यासाठीही. एका पावलात दहा-बारा टोके मोडतात. शिवाय भरतीचे पाणी आधी पाटांतून शिरते, त्यामुळे परतीची वाट मागच्या मागे बंद होते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य (2015) तर वनविभागाच्या परवानगीचा प्रांत.

आता झडप. धारण तलावाचे पाणी खाडीत सोडणारे फ्लॅप गेट फक्त बाहेरच्या बाजूला उघडते; भरती आली की पाण्याच्या दाबानेच मिटते. त्यात गोणी किंवा ओंडका अडकला की ते अर्धवट उघडे राहते. मग भरतीबरोबर गाळ आत येतो आणि तिवराचे बीही, जे झाडावर असतानाच अंकुरलेले असते आणि पाण्यावर तरंगते. तलाव उथळ होतो, पावसाचे पाणी साठवायची जागा घटते. उपसायचा तर कांदळवन तोडावे लागते, आणि त्याला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. यात दोष तिवराला देणे गमतीचे आहे.

झडप धड आहे का हे तपासायला दोन बांबू पुरतात. दर 5 सेंटिमीटरला खूण करून त्यांना फळ्याचा खडू भरपूर घासावा. ओहोटीला एक आतल्या आणि एक बाहेरच्या कठड्याला उभा बांधावा, पाण्याची पातळी लिहून ठेवावी. बारा-साडेबारा तासांनी, पुढच्या ओहोटीला, खडू कुठपर्यंत धुतला गेला ते वाचावे. लाटा उसळत असतील तर बाहेरचा आकडा थोडा फुगतो. बाहेर पाणी चढले आणि आत चढलेच नाही, तर झडप ठीक. दोन्हीकडे जवळपास सारखेच चढले, तर ती उघडी अडकली आहे. आणि ओहोटीला बाहेरचे पाणी उतरूनही आतले वरच थांबून राहिले, तर बाहेरचे तोंड गाळाने बुजले आहे किंवा झडप मिटलेलीच अडकली आहे. असे असेल तर त्या तलावातल्या तिवरांचे शेंडे लगेच बघून घ्यावेत.