जुन्या फाइलवर लिहू नका, तिच्या शेजारी लिहा

युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर बहुतेक प्रोग्राम सी लायब्ररीच्या (प्रोग्रामांना लागणाऱ्या मूलभूत सामायिक कोडच्या) एकाच फाइलवर अवलंबून असतात. अपडेटमध्ये ही फाइल 'सीपी' या कॉपी करणाऱ्या साध्या आज्ञेने बदलली, तर 'सीपी' आधी जुन्या फाइलची लांबी शून्य करते आणि मग नवा मजकूर भरू लागते. त्या मधल्या क्षणात नवा प्रोग्राम सुरू होत नाही आणि चालू असलेले कोसळू शकतात. गंमत म्हणजे 'सीपी' स्वतःही बहुधा त्याच लायब्ररीवर चालत असते! तेवढ्यात वीज गेली किंवा डिस्क भरली, तर दुरुस्तीची साधनंही हाताशी राहत नाहीत.

म्हणून नवी फाइल त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने लिहायची. मालकी आणि परवानग्या तिथेच लावायच्या, 'एफसिंक' करून मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायचा आणि मगच 'रीनेम'ने खरं नाव द्यायचं. ते नाव उघडणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल मिळते किंवा पूर्ण नवी. शेवटी डिरेक्टरीवरही 'एफसिंक' हवं, म्हणजे नावातला बदलही डिस्कवर उतरतो. डिस्क भरलीच, तर तात्पुरती फाइल अर्धवट राहते, जुनीला धक्का लागत नाही.

'एफसिंक' गाळण्याचा मोह टाळावा. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) मजकूर उशिराने डिस्कवर लिहिते. त्यामुळे मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य लांबीच्या फाइली उरल्याच्या तक्रारी २००९मध्ये गाजल्या होत्या.

तात्पुरती फाइल '/टीएमपी' या तात्पुरत्या फाइलींच्या सामायिक डिरेक्टरीत ठेवणं ही नेहमीची चूक. ती वेगळी फाइलसिस्टिम असेल तर 'रीनेम' नकार देते. फाइल हलवणारी 'एमव्ही' आज्ञा मात्र गुपचूप कॉपी करून मोकळी होते, म्हणजे सगळी मेहनत वाया.

युनिक्स घराण्यातल्याच फ्रीबीएसडीची 'इन्स्टॉल' आज्ञा एरवी जुनी फाइल आधी काढून टाकते. '-एस' दिल्यास वरच्या पद्धतीने तात्पुरती फाइल वापरते. डेबियन लिनक्सचं पॅकेज बसवणारं 'डीपीकेजी'ही फाइली आधी '.डीपीकेजी-न्यू' शेपटीने उतरवतं.

नाव बदललं तरी चालू प्रोग्राम जुन्याच आयनोडला (नावामागच्या प्रत्यक्ष फाइलच्या नोंदीला) धरून असतात. सुरक्षेची दुरुस्ती बसवूनही सेवा रीस्टार्ट केल्या नाहीत, तर सदोष लायब्ररीच मेमरीत चालत राहते. विंडोजवर वापरातली डीएलएल (तिथली सामायिक लायब्ररी फाइल) सहसा बदलताच येत नाही. त्यामुळे अदलाबदल पुढच्या रीस्टार्टसाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) नोंदवली जाते.

'रीनेम'ची हमी एका फाइलपुरती असते. शेकडो फाइली एकदम बदलायच्या तर अँड्रॉइड ७.०पासून मिळणारी ए/बी रचना उपयोगी पडते: सध्या वापरात नसलेल्या विभाजनांवर (साठवणीच्या वेगळ्या भागांवर) अपडेट लिहायचं, रीस्टार्टला तिकडून बूट करायचं आणि जमलं नाही तर जुन्यावर परतायचं.