हिऱ्यापेक्षा जास्त रंग उधळणारं शिसं

खड्यातून रंगीत ठिणग्या उडाल्या की तो हिराच असणार, असं आपण धरून चालतो. पांढऱ्या प्रकाशातले रंग सुटे करण्याला अपस्करण म्हणतात. रत्नशास्त्रात हिऱ्याचं अपस्करण ०.०४४ मानतात, सेरुसाइटचं ०.०५५! आणि सेरुसाइट म्हणजे निव्वळ शिसे कार्बोनेट, खडू आणि संगमरवराच्या कुळातलं.

गॅलिना हे शिशाचं धातुक भूपृष्ठाजवळ हवापाण्याने बदलतं, त्यातून सेरुसाइट तयार होतं. नामिबियातल्या त्सुमेबच्या खाणीतले स्फटिक सर्वात नावाजलेले.

रंग इतके का फाकतात? शिशाच्या आयनावरचे बाहेरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला चटकन प्रतिसाद देतात, म्हणून प्रकाशाचा वेग बराच घटतो. शिवाय हे स्फटिक दृश्य पट्ट्याच्या जवळचे अतिनील किरण शोषतात. त्या शोषणाच्या जास्त जवळ असलेला निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक मंदावतो, अधिक वळतो.

खरी गंमत मात्र कार्बोनेटची. मध्ये कार्बन, भोवती तीन ऑक्सिजन, असा हा अगदी सपाट त्रिकोण. सेरुसाइटमध्ये हे सगळे त्रिकोण एकमेकांना समांतर असतात आणि स्फटिकाचा क-अक्ष (त्याच्या रचनेतली एक मुख्य दिशा) त्यांना लंब. प्रकाशाचं कंपन त्रिकोणांच्या प्रतलात असेल तर शेजारचे ऑक्सिजन एकमेकांचा प्रतिसाद वाढवतात; अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, सुमारे २.०८ होतो. कंपन क-अक्षाला समांतर असेल तर तो फक्त १.८०. एकाच स्फटिकात दोन वेग! या द्विअपवर्तनाचं मूल्य ०.२७४, म्हणजे अक्षरं दुहेरी दाखवणाऱ्या कॅल्साइटच्या ०.१७२ पेक्षाही बरंच जास्त. त्यामुळे खड्यातून पाहिलं की मागचे पैलू दुहेरी दिसतात, खडा धूसर वाटतो. पण वरचा मोठा पैलू क-अक्षाला काटकोनात ठेवला, तर सरळ आत जाणाऱ्या प्रकाशाची दोन्ही कंपनं त्रिकोणांच्या प्रतलातच राहतात. दोन्ही अपवर्तनांक २.०७६ आणि २.०७९ इतके जवळ येतात आणि दुहेरीपणा जवळजवळ मावळतो. पैलूकाराने स्फटिकाची दिशा ओळखली, की निम्मी बाजी त्याने मारली.

उरलेली निम्मी अवघड. मोह्स मापनश्रेणीवर कठीणपणा जेमतेम ३ ते ३.५, ठिसूळपणा भरपूर, आणि अचानक तापमान बदललं तरी तडा जातो. अंगठीत हा खडा टिकणार नाही. घनता पाण्याच्या साडेसहा पटींच्या वर, त्यामुळे एका कॅरटचा सेरुसाइट एका कॅरटच्या हिऱ्यापेक्षा बराच लहान दिसतो.

‘ऊर्जा देणारे’ खडे पाण्यात ठेवून ते पाणी पिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो निराधार तर आहेच, इथे धोकादायकही आहे. सेरुसाइटच्या वस्तुमानाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग शिसं आहे, आणि त्याचे कण पोटात गेले तर जठरातलं आम्ल ते विरघळवतं.

इतक्या नाजूक स्फटिकातूनही ८९८ कॅरटचा पैलूदार खडा घडवला गेला आहे. त्सुमेबच्या स्फटिकातून घडलेला हा ‘लाइट ऑफ द डेझर्ट’ टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममध्ये आहे.